गुडघ्याखालचा ससा

लीळाचरित्रात एक ससा आहे. शिकाऱ्यांनी पिटाळलेला तो जीव धावत येतो आणि बसलेल्या चक्रधरस्वामींच्या गुडघ्याखाली शिरतो. मागोमाग शिकारी येतात, आपली शिकार परत मागतात. स्वामी देत नाहीत. आश्रयाला आलेल्याला मरण कसं द्यायचं, एवढंच त्यांचं म्हणणं असतं, आणि ते ऐकून शिकाऱ्यांचंच मन पालटतं. मग स्वामी सशाला मोकळं करतात आणि तो निघून जातो. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात नोंदवलेली ही लीळा आपल्यातल्या पुष्कळांनी शाळेच्या पुस्तकात वाचलेली असते.

त्या सशाला जायला रान होतं. गुडघा उचलला की आश्रयाचं काम संपत होतं. ठाण्याजवळच्या दिवा गावातल्या वन रूम किचनमध्ये पाळलेल्या सशाला रान नाही. तो गुडघ्याखालीच वाढतो, तिथेच म्हातारा होतो आणि तिथेच आजारी पडतो. मग असा दिवस येतो की बाहेर शिकारी कुणीच नसतो, जे छळत असतं ते त्याच्या अंगातच असतं. तेव्हा गुडघा घट्ट दाबून धरणं याला रक्षण म्हणायचं का? आमचा ससा गेला त्याला फार काळ झालेला नाही, आणि या प्रश्नाने अजून माझी पाठ सोडलेली नाही.

त्याच्या दाढांची मुळं जबड्यात वाढली होती. सशाचे दात जन्मभर वाढत राहतात. चिवट गवत सतत चावत राहिल्याने ते झिजतात, म्हणून त्याच्या आहारात मोठा वाटा सुक्या गवताचाच हवा, गाजराचा नव्हे. तरी वय झालं की काहींच्या दाढांची ठेवण बिघडते, मुळं जबड्याच्या हाडात शिरतात, तिथे गळू धरतं. सशाचा पू पातळ नसतो, लोण्यासारखा घट्ट असतो. तो निचरत नाही, पुन्हा पुन्हा साठतो. तोंड दुखलं की खाणं थांबतं आणि खाणं थांबलं की पोट थांबतं. कुत्र्या-मांजरांना एक वेळ उपास चालून जातो, सशाला नाही. त्याचं आतडं अखंड चालतं राहावं लागतं. अर्धा दिवस काही पोटात गेलं नाही, लेंड्या पडल्या नाहीत, तर ती धावपळ करण्याची वेळ असते. आत वायू धरतो, पोट नगाऱ्यासारखं होतं, आणि सशाला उलटीही करता येत नाही.

हे सगळं चाललेलं असताना तो काय करतो? काहीच नाही. कुत्रा विव्हळतो, मांजर कण्हतं, ससा गप्प बसतो. ज्या जातीवर कोल्हा, घार, मुंगूस अशी सगळ्यांची नजर, तिला दुखणं दाखवणं परवडत नाही. दुखणं दिसलं की आधी तोच उचलला जातो. ही सवय घरातल्या लादीवरही सुटत नाही. म्हणून त्याचं दुखणं ऐकू येत नाही, ते बघावं लागतं. २०१२ साली संशोधकांनी सशाच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची एक मोजपट्टी तयार केली: अर्धवट मिटलेले डोळे, बसलेले गाल, नाकपुड्यांचा बदललेला आकार, ताठरलेल्या मिश्या, मागे गच्च आवळलेले कान. त्यात पाठ कमानीसारखी करून कोपऱ्यात बसणं आणि दात करकर वाजवणं मिळवा. समाधानात असलेला ससाही दात वाजवतो, पण हलके, आणि तेव्हा त्याचं अंग सैल असतं. हा फरक पुस्तकापेक्षा तळहाताला लवकर कळतो. ज्याने रोज डोक्यावरून हात फिरवला आहे त्यालाच कळतो.

आजार हाताबाहेर गेला की भोवतालची माणसं एक वाक्य हमखास म्हणतात: निसर्गावर सोडा. हे वाक्य म्हणणाऱ्यांच्या मनात दया असते, याबद्दल मला शंका नाही. पण ते मला पटत नाही. रानात आजारी ससा सहसा दिवसेंदिवस कुढत नाही. पाय मंदावला की त्याच दिवशी, नाहीतर त्याच रात्री कुणीतरी त्याला उचलतं. ते मरण भयानक असतं, पण झटपट असतं. दाढांची गळवं, थकलेले मागचे पाय, मादीच्या गर्भाशयातली गाठ, महिना महिना चालणारी उपासमार, ही घरातली दुखणी आहेत. रानात तिथवर पोचायला आयुष्यच मिळत नाही. आपण सशाला आठ-दहा वर्षांचं आयुष्य देतो आणि त्याबरोबर म्हातारपणही देतो. आपण शिकारी दूर केला, ते चांगलंच केलं. पण शिकारी दूर केल्यावर शेवट करण्याचं त्याचं काम कुणाकडे गेलं? ते आपल्याकडे आलं. निसर्गावर सोडा म्हणताना आपण ते काम हळूच खाली ठेवतो आणि ससा मात्र दुखण्याच्या हवाली करतो.

खाडीकडच्या गवतात सोडून या, असा सल्लाही मिळतो. घरात पाळतात तो ससा मूळ स्पेन-पोर्तुगालकडचा. आपल्या माळावरचा रानससा हा त्याचा दूरचा नातलग, आणि दोघांच्या जगण्याच्या रीती वेगळ्या. पिंजऱ्यात जन्मलेल्याला दिव्याच्या खाडीकाठी सोडणं म्हणजे त्याला रान देणं नव्हे, आपल्या डोळ्यांआड करणं आहे.

आजारी जीवाला आपल्या हाताने मरण देण्याची अडचण आपल्याकडे फार खोल गेलेली आहे, आणि ती मी हलकी लेखत नाही. १८३२ साली मुंबईत भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी हुकमाविरुद्ध दंगल उसळली. त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांनी भुलेश्वरची पांजरापोळ उभी केली. थकलेल्या, लुळ्या, निरुपयोगी जनावराला मरेपर्यंत चारापाणी द्यायचं, त्याला मारायचं नाही, ही त्यामागची भावना. त्या भावनेने हजारो मुके जीव सांभाळले. तिच्याच सावलीत वाढलेल्या माणसाला इंजेक्शन हा शब्द ऐकवत नाही. मलाही ऐकवत नव्हता.

पण याच परंपरेतल्या एका माणसाने उलटा निर्णय घेतला होता. १९२८ साली साबरमतीच्या आश्रमात एक वासरू जायबंदी होऊन पडलं. उपाय थकले. त्याला कूसही बदलता येईना. गांधीजींनी आश्रमातल्या मंडळींशी चर्चा केली. जे जीवन आपण देऊ शकत नाही ते घेण्याचा हक्क आपल्याला नाही, हा आक्षेप तिथेही निघाला. तरी त्यांनी डॉक्टर बोलावला आणि आपल्यासमोर वासराला विषाचं इंजेक्शन द्यायला लावलं. दोन मिनिटांच्या आत सगळं आटोपलं. मग ती गोष्ट लपवून न ठेवता त्यांनी ‘नवजीवन’ आणि ‘यंग इंडिया’त स्वतः लिहून जाहीर केली, आणि त्यावर संतापाच्या पत्रांचा पाऊस झेलला. मला यातल्या तर्कापेक्षा दोन गोष्टी मोठ्या वाटतात. ते तिथे हजर राहिले, आणि निर्णय माझा आहे हे त्यांनी सांगितलं. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या तेराव्या कलमातही, ज्याला जिवंत ठेवणं हेच क्रौर्य ठरेल अशा जनावराचा विचार केलेला आहे. म्हणजे जिवंत ठेवणं हे नेहमीच दयेच्या बाजूला नसतं, हे आपल्या कायद्यालाही ठाऊक आहे.

मग वेळ आली हे ओळखायचं कसं? अमेरिकेतल्या पशुवैद्य अॅलिस व्हिलालोबोस यांनी २००४ मध्ये कुत्र्या-मांजरांसाठी एक तक्ता दिला. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, यांना गुण द्यायचे. तक्ता उपयोगी आहे, कारण रात्री जागून थकलेलं मन एका बऱ्या सकाळीला फार लवकर भुलतं. पण आकड्यांच्या बेरजेवर मी निर्णय सोपवला नसता. कोथिंबिरीची जुडी सोडताना होणाऱ्या आवाजाला तो उठून येतो का? सिरिंजने भरवलेलं गिळतो, की गालात धरून ठेवतो? स्वतःचं तोंड पंजांनी पुसतो का? अंग पसरून निजतो, की सतत आवळून बसतो? पाळणारे ज्याला बिंकी म्हणतात ती हवेतली गिरकी शेवटची कधी मारली होती? यांची उत्तरं घरातल्या सगळ्यांनी वेगवेगळी लिहावीत आणि मग एकत्र वाचावीत. आम्ही तसं केलं. घरातल्या सगळ्यात लहान माणसाचं उत्तर सगळ्यात स्पष्ट होतं: त्याला आता काहीच आवडत नाही.

त्याआधी मात्र प्रयत्न झालेले असले पाहिजेत, नाहीतर या निर्णयाला अर्थ नाही. ससा हा कुत्र्या-मांजरांच्या वाटेने बरा करायचा प्राणी नाही. ॲमॉक्सिसिलिनसारखं साधं औषध तोंडावाटे दिलं तर त्याच्या आतड्यातले उपकारक जंतू मरतात आणि ससाही मरू शकतो. म्हणून ससे जाणणारा डॉक्टर लागतो, आणि त्यासाठी दिव्यातून निघावं लागतं. सकाळी माणसालाच इथे लोकलच्या डब्यात पाय ठेवायला जागा नसते. पिशवीतल्या भेदरलेल्या सशाला घेऊन शीळ फाट्यावरून मुंब्रा बायपासने रिक्षाने ठाणं गाठायचं, हा प्रवासच आजारी जीवाला निम्मा मारतो. परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय, ज्याला सगळी मुंबई बैलघोडा म्हणून ओळखते, १८८३ पासून मुक्या प्राण्यांसाठी उभं आहे. पण दिव्याहून परळ किती लांब आहे ते आजारी जनावर मांडीवर घेतल्यावर कळतं. जिथे प्रवासाचीच भीती दुखण्याइतकी मोठी आहे, तिथे डॉक्टर घरी येऊ शकतील का हे आधीच विचारून ठेवावं. आणि एक नक्की विचारावं: आधी गुंगीचं इंजेक्शन देणार ना? गुंगी आल्यावर कानाच्या शिरेतून शेवटचं औषध गेलं तर सशाला फारसं कळत नाही. त्याचे डोळे मात्र मिटत नाहीत, अंग एखाद्वेळी थरथरतं. हे माहीत नसलं की जवळ बसलेला माणूस आयुष्यभर घाबरून राहतो, म्हणून मी ते इथे लिहिते आहे.

जवळ बसावं. माझं हे मत ठाम आहे. ज्या हातांची त्याला सवय, ते हात तिथे असावेत. दुसरा ससा घरात असेल तर त्यालाही गेलेल्याजवळ थोडा वेळ सोडावं, हुंगू द्यावं. नाहीतर तो जोडीदाराला शोधत राहतो. आणि पुढचे काही दिवस त्याच्याही खाण्यावर आणि लेंड्यांवर लक्ष ठेवावं.

या गावात सशासाठी रडणं शोभतं का, असं मला एकाने विचारलं. तो प्रश्न मी टाळणार नाही. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दोन लोकल एकमेकींना ओलांडत असताना दाराशी लटकलेले प्रवासी खाली पडले, त्यांतल्या काहींचे जीव गेले. दिव्यातल्या माणसाला ते दार रोज दिसतं. इथे माणसाचंच मरण स्वस्त आहे. पण म्हणून घरातल्या मुक्या जीवाचं दुःख आखडतं घेतलं तर त्या प्रवाशांच्या वाट्याला अधिक माया येते, असं मला कुठे दिसलेलं नाही. मिटत चाललेला डोळा बघून ज्याच्या पोटात कालवतं, त्याला डब्याबाहेर लोंबणारा हातही दिसतो.

पुढचा प्रश्न देहाचा. बिल्डिंगला माती नाही, आणि देह घंटागाडीत टाकणं आम्हाला शक्य नव्हतं. ठाण्याचा कचरा वर्षानुवर्षं दिव्याच्या डम्पिंगवर येत होता, त्या गाडीचा माल कुठे जायचा हे इथल्या पोरालाही ठाऊक आहे. इंजेक्शनच्या औषधाचा अंश देहात राहतो. उथळ पुरलं आणि कुत्र्याने किंवा घारीने उकरलं तर त्या जीवाला विषबाधा होते. म्हणून पुरायचं तर खोल, वर दगड ठेवून. मुंबई महापालिकेने २०२३ मध्ये मालाडला लहान प्राण्यांसाठी गॅसवरची दहनभट्टी सुरू केली. अशी सोय प्रत्येक महापालिकेत असायला हवी, कारण ज्यांच्या नावावर हातभर जमीन नाही अशी माणसंही प्राणी पाळतात, आणि मनापासून पाळतात.

राहतात मुलं. दिव्यात अर्धी घरं कोकणातली, त्यामुळे ‘ससा गावाला गेला’ हे उत्तर ओठांवर तयार असतं. ते देऊ नये. मे महिन्यात हीच मुलं दिव्याहून सावंतवाडीच्या गाडीत बसणार आणि गावी उतरल्यावर आधी ससा शोधणार. ‘झोपला’ असंही म्हणू नये, मूल झोपायला घाबरतं. त्याचं पोट चालत नव्हतं, ते पुन्हा चालणार नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी औषध दिलं आणि तो मेला, असं सांगावं. मग मूल विचारतं, आपण मारलं का? आमच्याकडेही विचारलं. मी म्हटलं, आपण ठरवलं, हो. त्यावर जरा वेळाने दुसरा प्रश्न आला: आजी खूप आजारी पडली तर तिलाही? गांधीजींनाही वासराच्या वेळी हेच विचारलं गेलं होतं. माणसाच्या बाबतीत सेवेचे मार्ग बहुधा उरलेले असतात आणि माणूस स्वतःचा विचार स्वतः करू शकतो, असं त्यांनी लिहिलं होतं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका अरुणा शानबाग चार दशकांहून अधिक काळ अंथरुणाला खिळून होत्या. त्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली जगवणारे उपचार थांबवण्याला काही अटींवर वाट दिली, आणि नंतर २०१८ च्या दुसऱ्या एका निकालात आणखी पुढे जाऊन सांगितलं, की माणूस आपली इच्छा आधी लिहून ठेवू शकतो. मी मुलीला एवढंच म्हटलं, आजीला आपण विचारू शकतो, आणि ती सांगेल तसंच करू. सशाला विचारता येत नव्हतं, म्हणून आपण त्याच्याकडे इतके दिवस बघत बसलो होतो. तिने थोडा विचार केला आणि आत जाऊन आजीला विचारलं.