विरोधकाचं म्हणणं

ज्यानं आपल्याला माणूस मानलं नाही, त्याचंही म्हणणं नीट मांडायचं का? पाळी सुटल्यावर कांदिवलीत एफवायच्या पोरांना निबंध लिहायला शिकवतो, तिथला हा प्रश्न. नुसत्या संतापावर कविता होते (तीबी कधीमधी), निबंध होत नाही. १९१६ साली, पंचविशीत, बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात जातींवरचा निबंध वाचला. सेनार, नेसफिल्ड, रिस्ले, केतकर. एकेकाची व्याख्या आधी पुढं ठेवली, मग तपासली. केतकरांना श्रेय दिलं, तरी त्यांचा घोळ दाखवलाच.

एक पोरगी म्हणाली, "आज्याला पाणी नाकारणाऱ्याची बाजू मी लिहू?"

लिही. त्यानं वाचून 'मी हेच म्हणत होतो' म्हणावं, अशी लिही. मग खोड.

तिनं पान टरकावलं. दुसरं घेतलं.