एका केसानं काय होतंय?

केस कापून झाल्यावर सलूनमध्ये शेवटचा एक विधी असतो. गळ्याभोवतीचं फडकं झटकून झालं की कारागीर एक लहान आरसा हातात घेतो, आपल्या मागे उभा राहतो आणि आपल्याला आपली पाठची बाजू दाखवतो. गेली पंचवीस वर्षं मी त्या आरशात न बघताच मान हलवून 'छान' म्हणत आलो आहे. माझं मत असं, की आपली मागची बाजू ही आपली नसतेच, ती मागच्या लोकांची असते. त्यांनी बघून घ्यावं.

पण एकदा काय बुद्धी झाली कोण जाणे, मी बघितलं. डोक्याच्या बरोबर मध्यावर एक गोल, गुळगुळीत, चकाकती जागा होती. दहा रुपयांच्या नाण्याएवढी. (आम्हां कॅशियर लोकांना कुठलंही वर्तुळ नाण्याच्या मापातच दिसतं.)

"हे काय?" मी विचारलं.

"काय नाही साहेब. एक-एक केस जायचाच वयानुसार. एका केसानं काय होतंय?"

घरी येताना दोन गोष्टी ध्यानात आल्या. पहिली, मी काउंटरवर बसतो तेव्हा ग्राहकांना माझं तोंड दिसतं आणि मागं केबिनमध्ये बसलेल्या मॅनेजरसाहेबांना माझी पाठ. म्हणजे ही बातमी साहेबांना माझ्या आधी होती, आणि त्यांनी ती मला कळू दिली नाही. बँकेत गोपनीयता म्हणतात ती हीच. दुसरी गोष्ट अशी, की सलूनवाल्याचं ते वाक्य मी आणखी कुठं तरी ऐकलं होतं. कुठं, ते मात्र आठवेना.

केस गळायला लागले की माणसाला एकदम किती डॉक्टर मिळतात! आमच्या शाखेत चौदा माणसं. त्यांनी मिळून सतरा औषधं सांगितली. माका झाला, ब्राह्मी झाली, जास्वंदीची फुलं झाली. एकानं कांद्याचा रस सांगितला. तो मी लावला. दुसऱ्या दिवशी माझ्या काउंटरवरची रांग आपसूक शेजारच्या काउंटरवर गेली, एवढा गुण मात्र आला. गंमत म्हणजे, सल्ला देणाऱ्यांपैकी नऊ जण माझ्याहून अधिक टकले होते. कर्ज कसं फेडावं हे थकबाकीदारांनीच सांगावं, तसं हे झालं.

शेवटी हिनं मला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं. "अहो, निदान खरं काय ते तरी कळेल," ती म्हणाली. डॉक्टर भले गृहस्थ. त्यांनी मला सगळा ताळेबंदच मांडून दाखवला. माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. रोज त्यातले ५० ते १०० गळतात आणि तेवढे गळणं ही निरोगी माणसाची खूण आहे. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. मग दोन-तीन महिने विश्रांती घेतो, गळून पडतो आणि त्याच जागेवर नवा येतो. आपण ज्याला कुरवाळतो, भांग पाडतो, तो केस तर मेलेलाच असतो. जिवंत काय ते कातडीखालचं मूळ.

मी बी.कॉम. मी मनातल्या मनात हिशेब केला. आरंभीची शिल्लक एक लाख. रोजची उचल शंभर. भरणा मुळीच झाला नाही, तर एक हजार दिवसांत, म्हणजे पावणेतीन वर्षांत, खातं बंद. "म्हणजे माझा भरणा थांबलाय का?" मी विचारलं.

"थांबला नाही," डॉक्टर म्हणाले, "पण दर वेळी येणारा केस आधीच्यापेक्षा बारीक येतोय. मुळंच आक्रसतायत. हे वारशातून येतं, आणि पुरुषी संप्रेरकामुळे होतं."

म्हणजे बघा, उचल शंभराची आणि भरणा नव्वदचा, पुढच्या खेपेला ऐंशीचा. अशा खात्यात गडबड आहे हे कळायलाच पंधरा वर्षं जातात. डॉक्टरांनी एक औषध दिलं. निदान चार-सहा महिने नेमानं लावल्याखेरीज फरक दिसणार नाही, आणि सोडलं तर मिळवलेलंही जाईल, असं बजावलं. तेलाबद्दल विचारलं, तर म्हणाले, तेलानं मुळाला खाऊ मिळत नाही. पण खोबरेल केसाच्या काडीत मुरतं आणि धुताना तिची झीज कमी करतं, तेव्हा लावायला हरकत नाही. टक्कल केल्यानं केस दाट येतात हेही खोटं. एकूण काय, माझं बालपण ज्या ज्या समजुतींवर पोसलं होतं, त्या सगळ्या साडेसातशे रुपये घेऊन त्यांनी काढून टाकल्या.

या सगळ्या प्रकरणाला तत्त्वज्ञानाची बाजू आहे, हे मला एका सहकाऱ्याच्या मुलीनं सांगितलं. ती तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. करते. ती म्हणाली, "काका, तुमचं टक्कल चोवीसशे वर्षांचं जुनं आहे." मला आधी राग आला. पण तिचं म्हणणं असं, की ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात मिलेटस गावचा युब्युलिडीस नावाचा एक ग्रीक होऊन गेला. त्यानं कोडं घातलं होतं. भरपूर केस असलेल्या माणसाचा एक केस उपटला, तर तो टकला होतो का? नाही. आणखी एक उपटला तर? तरी नाही. एका केसानं टक्कल पडत नाही हे एकदा कबूल केलंत की तुम्ही अडकलात. कारण असा एक-एक केस उपटत गेलं तर शेवटी डोक्यावर काही उरत नाही, आणि तुमच्या कबुलीप्रमाणे तो माणूस टकला नसतो!

"मग उत्तर काय?" मी विचारलं.

"उत्तर अजून चाललंय, काका. काही तत्त्वज्ञ म्हणतात, रेघ असतेच, फक्त ती नेमकी कुठल्या केसावर आहे ते माणसाला कळू शकत नाही. काही म्हणतात, टक्कल हे हो-नाही नसतंच, थोडं थोडं असतं."

चोवीसशे वर्षं चर्चा करून निर्णय नाही म्हणजे आमच्या युनियनच्या मीटिंगच्या वरताण झालं. मी तिला सांगितलं, "बाळ, हे कोडं बँकेत आणलं असतं, तर एका सर्क्युलरमध्ये सुटलं असतं."

मी हे गंमत म्हणून नाही सांगितलं. कर्जाचा हप्ता थकला, तर माणूस बुडवा नेमका कधी ठरतो? एका दिवसाच्या उशिरानं कोणी बुडवा होत नाही. दोन दिवसांनीही नाही. हेच युब्युलिडीसचं कोडं! पण रिझर्व्ह बँकेनं रेघ मारली आहे. थकबाकीला नव्वद दिवस होईपर्यंत खातं चांगल्यात, नव्वद ओलांडले की अनुत्पादक. ही रेघ देवानं आखलेली नाही. मार्च २००४ पर्यंत ती १८० दिवसांची होती. नव्वदाव्या आणि एक्क्याण्णवाव्या दिवशी त्या कर्जदारात काही फरक पडतो का? काडीचाही नाही. पण रेघ नसेल तर कुठलंच खातं कधीच वाईट होणार नाही आणि बँक मात्र एक दिवस बुडेल. आम्ही रोज संध्याकाळी कॅश जुळवतो. दहा रुपये कमी आले तरी उठत नाही. दहा रुपयांनी काय होतंय, असं म्हणायची आम्हांला मुभा नाही.

हे मी मोठ्या ऐटीत सांगितलं. आणि सांगता सांगता मला एकदम आठवलं, ते सलूनवाल्याचं वाक्य मी कुठं ऐकलं होतं.

आमची आई वाईला असते. एकटी. मी पुण्याला. रस्ता दोन-अडीच तासांचा. वडील गेले तेव्हा मी ठरवलं होतं, दर रविवारी जायचं. वर्षभर गेलोही. मग एका रविवारी मुलाची परीक्षा निघाली. फोन केला, तर आईच म्हणाली, "अरे, राहू दे. एका रविवारानं काय होतंय?" खरंच होतं ते. काही झालं नाही. मग एकदा शाखेचं ऑडिट आलं. मग एकदा नुसताच कंटाळा आला. प्रत्येक वेळी आई तेच म्हणाली, आणि प्रत्येक वेळी ते खरंच होतं. याच वाक्याची मला आता भीती वाटते. खोटं वाक्य असतं, तर कधी तरी पकडलं गेलं असतं. हे वाक्य दर वेळी खरं असतं, म्हणून तर निभावतं!

मी कॅलेंडर काढलं. शेवटचा गेलो होतो गणपतीत. दिवाळीला आम्ही कोकणात फिरायला गेलो आणि अभ्यंगाचं तेल हॉटेलातल्या एवढ्याशा बाटलीतून लावलं. आता जानेवारी. एकशे चौतीस दिवस. मी स्वतः मांडलेल्या हिशेबाप्रमाणे हे खातं केव्हाच अनुत्पादक झालं होतं, आणि कोणी नोटीस पाठवली नव्हती. आया नोटीस पाठवत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं वाईला गेलो.

आईनं मला बघून "काय रे, सगळं बरं आहे ना?" असं घाबरून विचारलं. मुलगा सहज आला यावर तिचा विश्वास बसेना. जेवणं झाल्यावर मी सांगितलं, की डोक्याला तेल लावून हवंय. ती कामालाच लागली. थंडीनं खोबरेल थिजलं होतं. तिनं बाटली अंगणात उन्हात ठेवली. पूर्वी दर रविवारी हेच असायचं. आम्ही भावंडं ओळीनं बसायचो आणि ती आमची डोकी अशी रगडायची की डोळ्यांतून पाणी यायचं. लोक आता ज्याला शांपू म्हणतात, तो शब्दही मूळचा आपल्याकडचाच, चंपीच्या घराण्यातला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाटण्याच्या शेख दीन महंमदानं इंग्लंडात ब्रायटनला जाऊन साहेबाला चंपीची गोडी लावली. साहेबानं तिचा फेस करून आपल्याला परत विकला.

मी पाटावर बसलो. आईची बोटं डोक्यावर फिरता फिरता मध्यावर येऊन थांबली.

"तुझ्या वडलांनाही हितनंच सुरुवात झाली होती," ती म्हणाली. मग क्षणभरानं, "बरंच आहे. तेल कमी लागेल. खोबरेल काय महाग झालंय!"

मी हसत मागं वळलो आणि तिच्याकडे बघितलं. म्हणजे बरेच दिवसांनी नीट बघितलं. माझ्या आईचा अंबाडा चांगला मोसंबीएवढा असायचा. लग्नाकार्यात बायका विचारायच्या, गंगावन घातलंय का म्हणून. आता तिच्या मानेवर एक सुपारीएवढी गाठ होती आणि भांग दोन बोटं रुंद झाला होता.

"आई, हे कधी झालं गं?"

"काय?"

"केस. एवढे कमी कधी झाले?"

"कधी म्हणजे?" ती वाटीतलं तेल बोटानं निपटत म्हणाली, "रोज."

युब्युलिडीसला हे उत्तर कोणी दिलं होतं की नाही, मला माहीत नाही. रेघ कुठंच नव्हती. रोज पन्नास-शंभर केस गेले, आणि ते जाताना बघायला मी तिथं नव्हतो. रोज बघणाऱ्याला ते दिसले नसते, हेही खरं. पण न दिसता का होईना, त्याच्या डोळ्यांदेखत गेले असते.

वाटीत थोडं तेल उरलं होतं. मी आईला पाटावर बसवलं. "अरे, तुला कुठं येतंय!" म्हणत ती बसली. मला येत नव्हतंच. निम्मं तेल कानामागून ओघळलं. तिनं तक्रार केली नाही. थोड्या वेळानं तिची मान पुढं झुकली. पेंग आली होती तिला.

पुण्याला परत आल्यावर उशीचा अभ्रा तेलकट झाला म्हणून घरी व्हायचं ते बोलणं झालं. डॉक्टरांचं औषध नेमानं लावतो आहे. नाणं अजून दहाचंच आहे. तेही पुष्कळ.

आणि मी एक रेघ मारून टाकली आहे. बँकांना महिन्याचा दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी असते. त्यातला दुसरा शनिवार वाईचा. दुसराच का, याला काहीही तात्त्विक आधार नाही. नव्वद दिवसांना तरी कुठं आहे? आतापर्यंत चार दुसरे शनिवार झाले. तीन जमा आहेत. एक चुकला. पाहुणे आले होते. फोनवर आई म्हणाली, "राहू दे रे, एका शनिवारानं काय होतंय?"

मी काही बोललो नाही. तो शनिवार डायरीत माझ्या नावे टाकून ठेवला आहे.