गोड बोलण्याची जबाबदारी

२०२३च्या दिवाळीत माझा भाचा दोन वर्षं चार महिन्यांचा होता आणि बोलत नव्हता. 'आ', 'ओ', 'मम', एवढंच. राहुरी तालुक्यातल्या आमच्या गावात अशा मुलाच्या आईला सल्ल्यांची कमतरता नसते. ताईच्या सासूबाई म्हणत होत्या, वेखंड उगाळून जिभेला लावा. शेजारच्या वहिनी म्हणत होत्या, हातातला मोबाईल काढून घ्या. एका चुलत जावेची मुलगी उशिरा बोलली होती. तिचं म्हणणं, खुणा केल्या तर काही देऊच नका, तोंडाने मागू द्या. अंगणवाडीत तपासणीला आलेल्या आरोग्य पथकाने मात्र ताईच्या हातात चिठ्ठी दिली होती : नगरला जाऊन कान तपासून घ्या.

ताईने ती चिठ्ठी मला दाखवली, कारण घरातला शिकलेला माणूस मी. पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये असल्यामुळे मला सगळ्यातलं कळतं, असा घरच्यांचा समज आहे आणि तो मी कधी फार खोडून काढलेला नाही. मी म्हणालो, "ताई, मीपण तीन वर्षांचा होईपर्यंत बोललो नव्हतो. आई सांगते ना? आणि ट्रॅक्टर आला की हा पळत अंगणात जातो. कान कसे खराब असतील?" ताई हसली. तिच्या चेहऱ्यावरचा ताण गेला, मलाही बरं वाटलं. चिठ्ठी फडताळात गेली.

आठ महिन्यांनी, २०२४च्या जुलैमध्ये, दाजींनी हट्ट धरला म्हणून तपासणी झाली. 'बेरा' नावाची चाचणी असते. मूल झोपलेलं असताना डोक्याला वायरी लावून, आवाज कानातून मेंदूकडे पोचतो का ते मोजतात. दोन्ही कानांना मध्यम प्रमाणात कमी ऐकू येतं, असं निघालं. ट्रॅक्टर, कुकरची शिट्टी, आपटलेलं दार हे त्याला ऐकू येत होतं. बोलण्यातले स्वर जोरकस असतात, ते थोडेफार पोचत होते. 'स', 'श', 'त', 'क' ही व्यंजनं हलकी असतात, ती जवळपास पोचतच नव्हती. म्हणजे पोरगा जेवढं ऐकत होता तेवढं आम्हाला परत करत होता.

मग मी वाचायला बसलो. खरं तर दिवाळीत वाचायला हवं होतं. २०१३पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी होते. कमी ऐकू येणं आणि उशिरा बोलणं या दोन्ही गोष्टी त्या यादीत आहेत. बाळ महिन्याचं व्हायच्या आत कानांची चाचणी, तीन महिन्यांत निदान आणि सहा महिन्यांत उपचार सुरू, असा जगभर मानला जाणारा हिशोब आहे. त्यामागे संशोधन आहे. १९९८मध्ये अमेरिकेत कोलोरॅडोतल्या क्रिस्टीन योशिनागा-इतानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की सहा महिन्यांच्या आत ज्यांचं निदान झालं त्या मुलांची भाषा, नंतर निदान झालेल्यांपेक्षा स्पष्टपणे पुढे होती. इथे महिने मोजायचे असतात. त्यातले आठ मी एका वाक्यात घालवले.

माझा हेतू चांगला होता, असं घरात सगळे म्हणतात. दोषी कोण, हा प्रश्न मला तिथे संपलेला वाटत नाही. विल्यम क्लिफर्ड नावाच्या इंग्रज गणितज्ञाचा १८७७चा एक निबंध आहे, कशावर विश्वास ठेवावा याच्या नीतीबद्दल. त्यात एक जहाजमालक आहे. जहाज जुनं झालंय, दुरुस्ती हवी, अशी शंका त्याला येते. खर्च नको म्हणून तो स्वतःची समजूत घालतो, की इतक्या सफरी झाल्या, हीही होईल. पुढे पुढे त्याला ते मनापासून पटतं. जहाज माणसांसकट बुडतं. क्लिफर्ड म्हणतो, त्याचा विश्वास प्रामाणिक होता, पण असा विश्वास बाळगायचा त्याला हक्कच नव्हता, कारण तपासणी त्याने टाळली होती. आणि जहाज सुखरूप पोचलं असतं, तरी तो तितकाच दोषी ठरला असता.

हे शेवटचं मला लागलं. कारण उशिरा बोलणारी पुष्कळ मुलं खरोखरच पुढे नीट बोलायला लागतात. भाचाही तसाच निघाला असता, तर मी शहाणा ठरलो असतो, 'बघ, म्हटलं नव्हतं?' म्हणून मिरवलं असतं. माझं वाक्य तेच राहिलं असतं, त्यामागचा आधारही तेवढाच, म्हणजे शून्य. आमच्या धंद्यात एक जुना विनोद आहे. ग्राहकाकडे प्रोग्रॅम बंद पडला की प्रोग्रॅमर म्हणतो, 'माझ्या मशीनवर तर चालतंय!' ऑफिसात कोणी असं म्हटलं की मी हसतो. ताईला मी तेच सांगितलं होतं : मी उशिरा बोललो, माझं चाललं.

पण मग सल्ला द्यायचाच नाही का? वेखंड सांगणाऱ्या सासूबाईंनी, मोबाईल काढून घ्या म्हणणाऱ्या वहिनींनी गप्प बसायचं? आमच्याकडे बाळंतपणापासून शाळेपर्यंत मूल वाढतं ते अशा सल्ल्यांवरच, आणि त्यामुळे आई एकटी पडत नाही. धीर देणं ही गरजेची गोष्ट आहे. चूक झाली ती मी धीर दिला म्हणून नव्हे, धीराचा वापर चिठ्ठीच्या जागी केला म्हणून. 'घाबरू नको, मी सुट्टी काढतो, आपण नगरला जाऊन येऊ' हेसुद्धा गोडच बोलणं होतं. फक्त त्यात माझी एक सुट्टी गेली असती. मला जे सुचलं ते फुकट होतं.

श्रवणयंत्रं बसली. स्पीच थेरपिस्ट बाईंनी ताईला शिकवलं : त्याच्या तोंडासमोर बसून बोला, भाकरी करताना काय करताय ते सांगत राहा, बोलून झालं की थांबा, 'म्हण, म्हण' करून मागे लागू नका.

२०२५च्या संक्रांतीच्या आठवड्यात अंगणवाडीत कार्यक्रम होता. दरवर्षी एकेक मूल माईकपुढे येऊन 'तिळगूळ घ्या, गोड गोड बोला' म्हणतं. बाई ताईला म्हणाल्या, "त्याचं नाव नाही घेत हं, उगीच चारचौघांत..." त्यांचाही हेतू चांगला, आणि मी ते वाक्य ओळखलं. ताई म्हणाली, "बाई, नाव घ्या. फक्त माईक नको, त्याला त्या स्पीकरचा त्रास होतो. आणि घाई नको." बाईंनी विचार केला आणि सगळ्याच मुलांना समोरासमोर जोड्यांनी बसवलं. भाच्याने समोरच्या मुलीच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाला, "ति-गू घ्या." पुढचं नाही म्हणाला. त्या मुलीने तिळगूळ खाल्ला आणि आपलं पूर्ण वाक्य म्हटलं. बस, एवढंच झालं.

त्या संध्याकाळी मी ताईला म्हणालो, "ताई, आठ महिने माझ्यामुळे गेले." मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ दे रे. ती सुगडातले हरभरे सोलत होती. म्हणाली, "गेले. पण चिठ्ठी मी तुला का दाखवली होती माहितीये? डॉक्टरांनी काय करायचं ते सांगितलंच होतं. मला 'काही नाही होत' ऐकायचं होतं, आणि ते तू म्हणशील हे मला ठाऊक होतं."

यावर मला उत्तर सुचलं नाही. तेवढ्यात भाचा आला, माझ्या हातावर हलव्याचे चार दाणे ठेवले आणि माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला. मी खाली बसलो, त्याच्यासमोर तोंड नेलं आणि सावकाश बोललो.