न बोलणाऱ्यांची फिर्याद
मनुष्याचे मनुष्यत्व त्याच्या बुद्धीत आहे, ही आपली एक सोयीची समजूत आहे. परंतु आपल्या तत्त्वचिंतनाने तिला फारसा आधार दिलेला नाही. सांख्यांनी बुद्धीची गणना प्रकृतीच्या तत्त्वांत केली आणि पुरुष तिच्यापलीकडचा मानला. कठोपनिषदातल्या रथाच्या रूपकात बुद्धी सारथी आहे, तर आत्मा रथाचा स्वामी. सारथी दुबळा असला म्हणून स्वामीची योग्यता उणावत नाही, हे ज्याला मान्य आहे, त्याच्यापुढे बौद्धिक अक्षमता असलेला माणूस किंचाळतो, स्वतःला चावतो, अंगावर धावून येतो तेव्हा त्याच्याशी कसे वागावे, हा प्रश्न वैद्यकाचा होण्यापूर्वी धर्माचा म्हणून उभा राहतो.

असा प्रसंग आला की घरची माणसे हवालदिल होऊन शांत करणाऱ्या गोळीचा आश्रय घेतात, आणि रात्र रात्र जागलेल्या आईला त्याबद्दल दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. तथापि हे वर्तन बहुधा एक फिर्याद असते. ज्याला शब्द साधत नाहीत, तो आपले दुखणे, भय, कंटाळा वा नकार देहानेच मांडतो. गोळीच्या गुंगीने तो गप्प झाला, तर फिर्यादीचा निकाल लागत नाही, ती दप्तरातून नाहीशी होते, इतकेच.

एखादा विशीतला मुलगा रोज सकाळी मनगट चावतो, हाती येईल ते भिरकावतो. आई वहीत तीन रकाने आखते: आधी काय घडले, त्याने काय केले, नंतर काय झाले. काही दिवसांच्या नोंदींवरून ध्यानात येते, की चावण्याच्या आधी दर वेळी कुकरची शिटी झालेली आहे. मग इलाज एवढाच, की तो फिरायला गेला असताना कुकर लावावा, आणि ‘नको’ सांगण्याची एक खूण त्याला शिकवावी. दुसऱ्या कोणाच्या बाबतीत किडलेली दाढ, ठणकणारा कान किंवा बद्धकोष्ठ हे कारण निघते. वर्तनामागचा हेतू ओळखून तोच साधणारा संकेत मुलांना शिकवला, तर त्रासदायक वर्तन ओसरते, हे एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी १९८५ साली प्रयोगाने दाखविले. पुढे इंग्लंड, वेल्स व ऑस्ट्रेलिया येथील ८६ आक्रमक, परंतु चित्तभ्रम नसलेल्या बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींवर हॅलोपेरिडॉल व रिस्पेरिडोन ही मनोविकारावरील औषधे आणि औषधविरहित गोळी (प्लासिबो) यांची तुलना झाली. २००८ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेला तिचा निष्कर्ष असा, की आक्रमकता तिन्ही गटांत घटली, आणि चार आठवड्यांअंती औषधविरहित गटात सर्वाधिक घटली.

वर्तनाकडे असे लक्ष देऊन पाहण्याचा दाखला आपल्या महानुभाव परंपरेतही आहे. तेराव्या शतकात ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंचे वागणे असे लोकविलक्षण होते, की कित्येक लोक त्यांना वेडे समजत. पण त्यांचे चरित्र लिहिणाऱ्या म्हाइंभटांनी त्यांच्या कृती जपून नोंदविल्या. महानुभाव पंथीयांना ते साक्षात परमेश्वर आहेत, आणि त्यांना व्याधिग्रस्तांत गणण्याचा अविवेक येथे करावयाचा नाही. आपण घ्यावयाचे ते म्हाइंभटांसारख्या भक्तांचे अवधान, न कळणाऱ्या वर्तनालाही अर्थ असतो असे मानून पाहत राहण्याची ती वृत्ती.

औषधाला स्थानच नाही, असा याचा अर्थ नव्हे. अपस्मार किंवा खरा मनोविकार असेल तेथे ते आवश्यक आहे, आणि चालू औषध आपल्या मताने एकाएकी बंद करणे धोक्याचे आहे. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, क्रमाक्रमानेच कमी करावे. परंतु ज्या गोळीमागे निदान नाही, केवळ इतरांची शांतता आहे, ती देणे ही हिंसाच होय.

म्हणून पालकांना, शिक्षकांना आणि डॉक्टरांना विनंती, की औषधाची चिठ्ठी लिहिण्यापूर्वी व तिचा आग्रह धरण्यापूर्वी दात, कान, पोट तपासावे आणि नोंदींची वही वाचावी. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी व नातलगांनी आठवड्यातले काही तास तरी अशा मुलाची जबाबदारी आपल्याकडे घ्यावी. कारण अहिंसेचे व्रत एकट्या आईच्या माथी मारून आपण मोकळे होणे, हा साऱ्या समाजाचा अधर्म आहे.