दुहेरी पडदा

आमच्या नव्या घराची खिडकी फार मोठी आहे. माझ्या माहेरच्या घरात एवढी अखंड भिंतसुद्धा नव्हती. फरशीपासून हातभर उंचीवर ती सुरू होते आणि जवळजवळ छतालाच जाऊन भिडते. रुंदी पुरती नऊ फूट. विरारच्या पुढे डहाणूपर्यंत लोकलगाड्या जाऊ लागल्या त्या २०१३ साली. पुढच्याच वर्षी पालघर जिल्हा झाला. आणि बोईसरला लागून असलेल्या आमच्या ह्या सरावलीत मुंबईला नोकरीला जाणारी माणसे बिऱ्हाडे थाटू लागली. माझा मुलगा त्यांतलाच एक. पहिल्या मजल्यावरचे हे घर दाखवताना तो म्हणाला, "आई, उजेड बघ किती आहे!" सून म्हणाली, "पडदे लागतील." दोघांचेही खरे होते.

पडदे शिवणारे मास्तर आले. पडदा म्हणजे खिडकीएवढे कापड, अशी माझी समजूत. ती त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत मोडून काढली. चुण्या अंगभर पडायच्या तर कापड रुंदीच्या दुप्पट हवे, झिरझिरीत असेल तर अडीचपट. दांडा खिडकीच्या दोन्ही बाजूंना वीतभर पुढे न्यायचा, म्हणजे सारलेला पडदा भिंतीवर जाऊन बसतो आणि काच सगळी मोकळी राहते. सुती कापड आधी भिजवून घ्यायचे. नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आटते आणि पडदा आखूड परकरासारखा वर चढतो. समुद्र इथून लांब नाही. खाऱ्या हवेत लोखंडी कड्या गंजतात आणि कापडावर डाग पाडतात, म्हणून कड्या पितळेच्या. आणि दांडे दोन! काचेजवळच्या दांड्यावर झिरझिरीत पडदा, खोलीच्या बाजूच्या दांड्यावर जाड, अस्तर लावलेला. खिडकी पश्चिमेची; दुपारचे ऊन त्या अस्तराने अडवायचे, नाहीतर जाड कापडाचा रंग दोन उन्हाळ्यांत उडून जाईल. मला हे ऐकताना मोठी मौज वाटत होती. कोणत्याही कसबी माणसाला त्याच्या कामाविषयी बोलताना ऐकावे. कीर्तनाइतके मन रमते.

मास्तरांनी झिरझिरीत कापडाचा एक तुकडा काचेवर धरला. "बघा आजी. तुम्हांला बाहेरचं सगळं दिसतं. बाहेरून तुमचं काही दिसत नाही."

खरेच दिसत होते. खिडकीसमोर, मधली अरुंद वाट ओलांडली की पत्र्याच्या खोल्यांची एक रांग आहे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारी माणसे तिथे राहतात. अंगणात सगळ्यांत मिळून एक नळ. नळाखाली एक बाई डोक्यावरून पाणी घेत होती, अंगावर ओले लुगडे. एकजण दाराच्या चौकटीला आरसा अडकवून दाढी करीत होता. एक आजारीसा म्हातारा बाजेवर पडला होता. आणि मी इकडे कापडाआड उभी राहून हे सारे पाहत होते.

"आणि रात्री?" मी विचारले.

"रात्री उलटं होतं. ज्याच्या घरात दिवा, तो दिसतो. म्हणून तर दुसरा पडदा." मास्तरांनी टेप गुंडाळली. त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता.

माझ्या दृष्टीने मात्र तो तिथे सुरू झाला. पडदा आपण लाजेसाठी लावतो असे आपण समजतो. पण हा दुहेरी पडदा दिवसा मला दुसऱ्याला पाहू देणार, आणि रात्री दुसऱ्याला मला पाहू देणार नाही. दोन्ही वेळा लाज राखली जाणार ती माझी एकटीची. ह्याला मर्यादा म्हणायचे की हाव?

आमच्या जुन्या घराच्या खिडक्यांना आडव्या दुभागलेल्या झडपा होत्या. खालच्या झडपा लावून घ्यायच्या, वरच्या उघड्या ठेवायच्या. वारा येई, पण रस्त्यावरच्या माणसाला आतले दिसत नसे आणि आत बसलेल्याला रस्ता दिसत नसे. हिशेब सरळ होता. चिकाचा मात्र तसा नव्हता. माझी आजी माडीवर चिकाआड बसून खालच्या अंगणातली मिरवणूक पाही. तिला सगळे दिसे, ती कोणाला दिसत नसे. पण म्हणून ती त्या अंगणाची मालकीण होती असे कोण म्हणेल? पाहणे एवढेच तिच्या वाट्याला उरले होते. आणि ह्याच मुलखातल्या वारल्यांच्या जुन्या घरांना खिडकी म्हणून अशी जवळजवळ नसेच. कारवीच्या कुडाला शेणामातीचा गिलावा, आणि आत जो काय अंधूक प्रकाश झिरपेल तेवढा. ते हवेशीर होते असे मी म्हणणार नाही. पण त्या कुडाने कोणाच्या अंगणावर डोळा ठेवला नाही.

बेंथम नावाच्या इंग्रज विचारवंताने १७९१ साली एका तुरुंगाचा आराखडा प्रसिद्ध केला. मध्यभागी पहाऱ्याची जागा आणि भोवती वर्तुळात कोठड्या. कैद्यांना पहारेकरी दिसू नये म्हणून मधल्या खिडक्यांना पडदे लावायची सूचनाही त्यात आहे. आपण पाहिले जात आहोत की नाही हे कळत नसले, की माणूस सदैव पाहिला जात असल्यासारखा वागतो, असा त्याचा होरा. तुरुंगाच्या आराखड्यात आणि माझ्या दिवाणखान्यात एवढे साम्य निघावे, हे मला आवडले नाही.

आमच्या घरात वकिली होती. माझे यजमान हयात असताना एकदा त्यांनी मला एक गंमत सांगितली होती. १८८२ च्या सुविधाधिकारांच्या कायद्यात, अठराव्या कलमाखाली, एक उदाहरण दिले आहे: एखाद्या गावात अशी रूढी असेल की शेजाऱ्याच्या खाजगीपणाला बाध येईल अशी नवी खिडकी कोणी उघडू नये, तर ती रूढी हा शेजाऱ्याचा हक्कच होतो. त्या वेळी मी हसले होते. आता ते उदाहरण मला नव्याने उमगले. त्यात जबाबदारी खिडकी उघडणाराची आहे. ज्याच्याकडे पाहिले जाते त्याने आडोसा करून घ्यावा, असे ते म्हणत नाही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. वर्तमानपत्रांतून पाने भरभरून आले होते. पण त्या निकालाने समोरच्या नळाभोवती काही भिंत उभी राहिली नाही. आणि नळ आधीचा, खिडकी नंतरची.

पंधरा दिवसांनी मास्तर झिरझिरीत पडदे घेऊन आले. शिडीवर चढून कड्या ओवता ओवता सहज म्हणाले, "बरं झालं आजी, आता जाड पडदेही लवकर देतो. आमच्या मंडळींची मान मोकळी होईल."

"म्हणजे?"

"समोरच राहतो ना आम्ही. तिसरी खोली. तुम्ही राहायला आल्यापासून दिवेलागणीला तुमच्या घरातलं सगळं दिसतं. सूनबाई कामावरून येतात, कपडे बदलायच्या गडबडीत असतात. मग आमच्या बायकांनीच ठरवलं, संध्याकाळी बाजा फिरवून घ्यायच्या. पाठ इकडे करून बसायचं. पोरांनाही तसंच शिकवलंय."

मी काही बोलू शकले नाही. महिनाभर एक अख्खी रांग, दिवसभराच्या कामाने शिणून आलेली, वाऱ्याकडे पाठ करून बसत होती. कारण वारा आमच्याच बाजूने येतो. आणि मी त्याच महिन्यात, सकाळचा चहा घेताना, नळावरची भांडणे कोणाकोणात होतात हे पाठ करून बसले होते.

रात्री मी सुनेला म्हटले, "अजून एक पडदा हवा. खालच्या अर्ध्या काचेला, जाड. आपल्याला दिसू नये म्हणून."

ती चटकन म्हणाली, "आई, त्यांच्या आडोशाचा खर्च आपण का करायचा?" तिचे चुकले असे मला वाटत नाही. ती पहाटेची गाडी पकडते, घराचे हप्ते भरते. उजेडासाठी तिने पैसे मोजले आहेत आणि त्यातला अर्धा मी झाकायला निघाले होते. शिवाय तो पडदा लावल्याने नळाला आडोसा होणार नव्हताच. आणखी चार इमारतींच्या खिडक्या तिकडे तोंड करून आहेत. हे सगळे मला मान्य होते. मी एवढेच म्हटले, "बाकीच्या खिडक्या आपल्या नाहीत गं." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "रंग मात्र मी निवडीन."

दुसऱ्या दिवशी मास्तरांना बोलावले. अर्ध्या पडद्याची उंची किती ठेवावी ह्याचा मी विचार करीत होते. त्यांनी टेप खिशातून काढलीच नाही.

"फरशीपासून चार फूट पुरे," ते म्हणाले. "खुर्चीत बसून नळ दिसायचा नाही. मुद्दाम काचेला नाक लावून पाहिलं तर दिसेल, त्याला इलाज नाही."

"मोजून तरी घ्या."

"खालून पाहिलंय मी," मास्तर म्हणाले, आणि कापडाचे नमुने सुनेपुढे मांडू लागले.