दुसरा अर्थ कोणाच्या हाती?

दादा कोंडक्यांबद्दल सुशिक्षित मराठी माणूस दोनदा बोलतो. एकदा चारचौघांत नाक मुरडताना, आणि एकदा मित्रांच्या बैठकीत त्यांच्या चित्रपटांतले चावट संवाद तोंडपाठ म्हणून दाखवताना. मी दोन्हीकडे हजर राहिलो आहे आणि दोन्हीकडे मान डोलावली आहे. त्यामुळे प्रेमाच्या गोष्टीत चावटपणा असावा का, असल्या प्रश्नाला मी सभ्यतेच्या बाजूने उत्तर देणार नाही. चावटपणा मला आवडतो. पण तोच चावटपणा एखाद्या चित्रपटात पोट धरून हसवतो आणि दुसऱ्यात अंगावर झुरळ चढल्यासारखा वाटतो, हे काय आहे ते तपासून पाहावंसं वाटतं.

माझ्या लहानपणी जत्रेत तंबूतला सिनेमा येई. मधे दोरी, एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला बाप्ये. कोंडक्यांचा सिनेमा असला की आम्हा पोरांना विनोद कळत नसत. कुठला विनोद ‘तसला’ आहे, एवढं मात्र बरोबर कळे. कारण बाप्ये एकदम फुटत, शिट्ट्या पडत. बायांच्या बाजूचं हसू जरा मागून येई, पदराआडून येई, पण आलं की लवकर थांबत नसे. पुढे हळदीच्या रात्री बायकांचा घोळका जमला असताना त्याच काकू-मावश्यांची गाणी भिंतीपलीकडून कानावर पडली आणि ध्यानात आलं, की दादांकडून शिकण्यासारखं या मंडळींना फारसं काही उरलेलंच नव्हतं.

चावटपणा म्हणजे पुरुषी, असं जे आपण गृहीत धरतो ते मला तेव्हापासून पटत नाही. सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत एक गाथा आहे. घरी वाटसरू मुक्कामाला आला आहे. घरातली तरुण सून त्याला बजावते, की सासूबाई इथे निजतात, मी इथे निजते, उजेडी नीट बघून घे. तुला रात्री दिसत नाही, तेव्हा चुकून आमच्या अंथरुणावर येऊन पडू नकोस. आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त, शब्दांनी नाही म्हणायचं आणि सुचवायचं मात्र होय, याचं उदाहरण म्हणून हीच गाथा घेतली. पंडितांच्या ग्रंथात मानाने बसलेलं हे द्व्यर्थी बोलणंच की! त्यात मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की दुसरा अर्थ त्या सुनेच्या हातात आहे. सासूला तो कळत नाही. वाटसरूला कळला तर त्याचं नशीब.

तमाशातल्या गौळणीतही मामला असाच असतो. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींना पेंद्या आणि कृष्ण अडवतात, मावशी मधे पडते, दूधदह्याच्या निमित्ताने नको नको ते बोलून होतं. पण गवळण गप्प बसली तर गौळण रंगत नाही. तिने सवाई उत्तर दिलं पाहिजे. टाळी त्या उत्तराला पडते.

दादा या मुशीतून आले. नायगावच्या गिरणी कामगाराच्या घरात जन्मलेला हा माणूस आधी बँडपथकांत आणि सेवादलाच्या कलापथकात रमला, वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्याने त्याला नाव दिलं आणि सबनीसांनीच लिहिलेल्या ‘सोंगाड्या’ने 1971 मध्ये त्याला पडद्यावरचा नायक केलं. आयेच्या धाकातला बावळट नाम्या आणि तमाशातली कलावती यांची ती प्रेमकथा. ढगळ अर्धी चड्डी, खाली लोंबणारी नाडी, चेहऱ्यावर गोठलेला भाबडेपणा. नाम्या जे बोलतो त्याचा दुसरा अर्थ प्रेक्षकाला कळतो, कलावतीलाही कळतो, फक्त नाम्याला कळत नाही. कळतो की नाही याची खात्री आपल्याला शेवटपर्यंत होत नाही, हीच त्यातली गंमत. सेन्सॉरशी दादांचे खटके उडत, आणि त्यांचा बचाव ठरलेला असे: मी साधंच बोललो, तुमच्या मनात भलतं आलं त्याला मी काय करू? हा बचाव लबाडीचा होता हे उघड आहे. पण नाम्याच्या बाबतीत तो खराही होता.

कलावती झालेल्या उषा चव्हाण नसत्या तर हे यंत्र चाललं नसतं, असं माझं ठाम मत आहे. त्यांच्या डोळ्यांत ‘मला सगळं समजतंय’ हे लिहिलेलं असे. ‘पांडू हवालदार’मधली (1975) केळी विकणारी पारू पाहा. केळ्यांची पाटी म्हटल्यावर विनोद कुठे जाणार हे सांगायला नको. पण त्या पाटीची मालकी पारूची आहे. पोलिसाची वर्दी अंगात असलेला पुरुष तिच्यापुढे बावचळतो आणि हसं त्याचं होतं.

हे चित्रपट ज्यांनी डोक्यावर घेतले त्यांच्याविषयीही बोललं पाहिजे. मुंबईच्या गिरणगावात हजारो पुरुष एकटे राहत. बायको गावी, एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे वीस-पंचवीसजण, जेवण खानावळीत. बायकोची भेट गणपतीत नाहीतर शिमग्यात. अशा माणसाला प्रेमकथा म्हणून बागेतलं गाणं दाखवलं तर तो उदास होईल. त्याच्या वाट्याला आलेलं प्रेम देहाच्या ओढीचं आणि आठवणीचं होतं, आणि त्या ओढीबद्दल मोठ्याने बोलण्याची सोय विनोदाशिवाय दुसरी नव्हती. काळोख्या थिएटरात शेजारचाही तिथेच हसतो आहे, म्हणजे आपल्या मनात येतं ते सगळ्यांच्याच मनात येतं, हा दिलासा तिकिटाच्या पैशांत मिळत होता. दादांचे लागोपाठ नऊ चित्रपट रौप्यमहोत्सवी झाले आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. असला विक्रम नुसत्या घाणेरडेपणावर होत नाही. घाण रस्त्यावर फुकट मिळत होतीच.

साता समुद्रापलीकडे हाच भाबडा मला पुन्हा भेटला. जड अपातोच्या ‘द फोर्टी-इयर-ओल्ड व्हर्जिन’मध्ये (2005) स्टीव्ह करेलचा अँडी मित्रांबरोबर पत्ते खेळायला बसतो. एकेक जण आपले पराक्रम सांगतो. अँडीची पाळी आली की तो ठोकून देतो की स्त्रीचा स्तन हाताला वाळूच्या पिशवीसारखा लागतो, आणि बिंग फुटतं. पुढचा सगळा चित्रपट मित्र त्याला ‘तयार’ करतात, ओंगळ बोलायला शिकवतात, छातीवरचे केस मेणाने उपटवतात (करेलने ते केस कॅमेऱ्यासमोर खरेच उपटवून घेतले होते, त्यामुळे त्या किंकाळ्याही खऱ्याच आहेत). हळूहळू दिसू लागतं की फुशारकी मारणारे मित्रच प्रेमाच्या बाबतीत जास्त अडाणी आहेत. ओंगळ बोलणं हे त्यांचं चिलखत आहे आणि अँडीकडे ते नाही. ट्रिश त्याच्यावर भाळते ती त्यामुळेच. इथे चावटपणा प्रेमाच्या उपयोगी पडतो, कारण तो बाजूला झाला की उघडा माणूस समोर उभा राहतो.

फॅरेली बंधूंच्या ‘देअर्स समथिंग अबाउट मेरी’ने (1998) तर अमेरिकेतल्या प्रेमकथांना बाथरूमचा रस्ता दाखवला. त्यातला पँटच्या झिपचा प्रसंग मी कितीही वेळा पाहू शकतो. नाचाला मेरीला न्यायला आलेला टेड न्हाणीघरात अडकतो. ‘अडकतो’ हे क्रियापद इथे शब्दशः घ्यावं. मग तिचा सावत्र बाप, आई, पोलीस, अग्निशामक दलाचा जवान असे भलेभले एकामागून एक आत येऊन वाकून पाहतात. लाज टेडची, वेदना टेडची, आणि जगातल्या कुठल्याही तरुणाला प्रेयसीच्या दारात वाटणारी भीती त्यात पुरेपूर भरलेली. त्याच चित्रपटातला जास्त गाजलेला प्रसंग केसांना लावण्याच्या जेलचा. तिथे मी कमी हसतो. मेरी भलतंच काहीतरी जेल समजून केसांना लावते, तिची बट ताठ उभी राहते, आणि त्याचा अर्थ टेडला माहीत, प्रेक्षकांना माहीत, मेरीला मात्र शेवटपर्यंत नाही. एका डॉक्टर बाईला तिच्याच गोष्टीत तिच्यावर चाललेला विनोद कळू नये, हे मला खटकतं. कॅमेरॉन डियाझच्या निर्धास्तपणामुळे तो प्रसंग निभावून जातो, इतकंच.

‘नॉक्ड अप’मध्ये (2007) बाईला विनोदाबाहेर ठेवणारी ही फट भगदाडाएवढी झाली. त्यातले पुरुष आळशी, गबाळे आणि विनोदी. बायका शहाण्या, टापटिपीच्या आणि वैतागलेल्या. विनोद करण्याचा मक्ता पुरुषांकडे, कपाळाला आठ्या घालण्याचं काम बायकांकडे. चित्रपट चालला, आणि थोड्याच दिवसांत त्याची नायिका कॅथरीन हायगल हिने एका मासिकाच्या मुलाखतीत हा चित्रपट थोडा स्त्रीविरोधी आहे असं बोलून दाखवलं. तिच्यावर कृतघ्नपणाचा शिक्का बसला. मला ती तेव्हाही बरोबर वाटली होती.

चावटपणाची मर्यादा अश्लीलतेच्या मोजपट्टीवर मला सापडत नाही. हळदीची गाणी कुठल्याही ‘ए’ प्रमाणपत्राला लाजवतील. फरक एवढाच, की त्या गाण्यांत हसणारी बाई आणि जिच्याविषयी हसायचं ती बाई एकाच चटईवर बसलेली असते, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या आपापल्या कामाला लागतात. शिमग्याच्या बोंबांनाही दिवस ठरलेला असतो. सिनेमा मात्र बारा महिने चालतो आणि तिकीट काढील त्याचा असतो. तिथे तिथीचा आणि नात्याचा पहारा नाही म्हटल्यावर तो लेखकानेच ठेवायला हवा.

दादांनी तो पुढे ठेवला नाही. ‘अंधेरी रात में दिया तेरे हाथ में’ (1986) किंवा ‘येऊ का घरात’ (1992) यांत विनोद पोस्टरवरच संपतो. शिवाय दादांचा जन्म 1932 चा. म्हणजे ‘येऊ का घरात’च्या वेळी नायक साठीला आलेला. चाळिशीकडे झुकलेल्या नाम्याचा भाबडेपणा आपण प्रेमाने मान्य केला होता. साठीच्या माणसाने तीच चड्डी घालून ‘मला काय ठाऊक’ म्हटलं की ते खोटं वाटतं, आणि भाबडेपणा गेल्यावर मागे राहतो तो नुसता डोळा मारणारा म्हातारा. हिंदीतल्या ‘ग्रँड मस्ती’ने (2013) तर भाबडेपणाचं सोंगही टाकलं. त्यात सगळ्या पुरुषांना सगळं माहीत आहे आणि बायकांना बोलायला काही दिलेलंच नाही. मला त्या चित्रपटाची चीड आली नाही. मध्यंतराआधी झोप आली.

आज नवा चावट चित्रपट पाहायला कोणी बरोबर बोलावलं, तर मी नायिकेला उलट बोलता येतं का एवढंच आधी विचारतो. आणि तुम्हाला दादांपासून सुरुवात करायची असेल, तर ‘सोंगाड्या’ आणि ‘पांडू हवालदार’ घरातल्या सगळ्यांना बरोबर घेऊन बघा, आजीला तर नक्कीच. ‘येऊ का घरात’चं पोस्टर पाहिलंत तरी पुरे.