अंगणांतील कारंजें

बीडसारख्या अवर्षणाच्या जिल्ह्यांत राहणाऱ्या गृहस्थानें आपल्या घरापुढील अंगणांत कारंजें बांधावें कीं बांधूं नये, हा प्रश्न प्रथमदर्शनीं क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु घरच्या घरीं कारंजें करणें आतां कोणासही साधण्यासारखें झालें आहे. आणि जी गोष्ट सहज साधते तिच्याच बाबतींत ‘ती करावी कां?’ हें विचारावयाचें राहून जातें.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. विटांचें दोन फूट व्यासाचें कुंड, त्यास आंतून सिमेंटचा गिलावा, मध्यें एकावर एक मांडलेलीं दोनतीन मडकीं आणि तळाशीं कूलरमध्यें असतो तसला लहानसा विजेचा पंप, एवढ्या साहित्यांत काम भागतें. पंप कुंडांतलें पाणी नळीनें वर चढवितो. तें मडक्यांवरून ओघळून पुन्हां कुंडांतच पडतें. पाणी तेंच तें फिरत राहतें. जातें तें केवळ वाफेच्या वाटेनें. वैशाखांतल्या उन्हांत पातळी दिवसाला एक सेंटिमीटर उतरते असें धरलें, तर घट सुमारें तीन लिटरांची होते. वाऱ्यानें उडणारे तुषार जमेस धरून ती पांचसहा लिटर म्हणूं. त्याच घराच्या खिडकींतला कूलर दिवसाकांठीं याच्या कितीतरी पट पाणी पितो, आणि त्याबद्दल कोणी कोणास बोल लावीत नाहीं. तेव्हां कारंजें म्हणजे पाण्याची नासाडी, हा आक्षेप हिशेबाच्या कसोटीस उतरत नाहीं. आक्षेपकांनीं तो सोडून दिलेला बरा.

कोणी म्हणतील, तहान भागल्यावांचून सौंदर्याची गोष्टच काढूं नये. हेंही आम्हांस मान्य नाहीं. याच जिल्ह्यांत, जेथें घागरभर पाण्यासाठीं पायपीट करावी लागते अशा गांवींसुद्धां, सकाळीं दारापुढें सडा पडतो व त्यावर रांगोळी उमटते. हें पाणी शोभेसाठींच खर्चिलेलें नव्हे काय? बीड शहरांत कंकालेश्वराचें देऊळ तर बांधणारांनीं तळ्याच्या मधोमध उभें केलें आहे. कोरड्या मुलखांतला मनुष्य पाण्याच्या सौंदर्यास पारखा नसतो. त्याची ओढ इतरांहून अधिकच असते.

तरीही आक्षेप घेणाऱ्याच्या मनांत जें खुपतें तें खोटें नाहीं. 2013 सालीं पाण्याअभावीं परळीचें औष्णिक वीजकेंद्र बंद ठेवावें लागलें. 2016 च्या एप्रिलांत मिरजेहून आगगाडीनें लातूरला पाणी न्यावें लागलें. त्या लातुरास एरव्हीं पाणी पुरविणारें मांजरा धरण आमच्याच केज तालुक्यांत आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास दरवर्षीं सहस्रावधि कुटुंबें घरांस कुलपें लावून ऊसतोडीसाठीं जिल्ह्याबाहेर पडतात. अशा मुलखांत दारापुढें उसळणारें पाणी रस्त्यानें जाणाऱ्यास कांहींतरी सांगत असतें. तें सांगतें कीं, ‘येथें पुरून उरण्याइतकें आहे.’ सडा असें म्हणत नाहीं, कारण तो सर्वांच्याच दारीं पडतो. मग कारंज्याचें हें म्हणणें खरें आहे काय? आमच्या मतें खरा प्रश्न हा आहे.

कारंजें खोटें कसें बोलतें याचें थोर उदाहरण फ्रान्सच्या चौदाव्या लुईनें घालून दिलें आहे. व्हर्सायच्या उद्यानांतील सर्व कारंजीं एकाच वेळीं चालविण्याइतकें पाणी त्या सार्वभौम राजापाशींही नव्हतें. सीन नदीचें पाणी वर चढविण्यासाठीं 1684 सालीं मार्ली येथें चौदा प्रचंड चाकांचें यंत्र उभें राहिलें, तरी तूट भरून निघाली नाहीं. म्हणून राजाची स्वारी जवळ येतांच नोकर शिट्या वाजवीत, पुढचीं कारंजीं सोडीत आणि स्वारी पुढें सरकतांच मागचीं बंद करीत. विपुलतेचा देखावा राजाच्या दृष्टीपुरता होता.

याच्या उलट औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरची, पाणचक्की पाहावी. डोंगरांतील झऱ्यांचें पाणी मातीच्या नळांतून मैलोगणती आणून तेथें उंचीवरून सोडलें आहे. हें पाणी दर्ग्यांतील फकिरांसाठीं व वाटसरूंसाठीं पीठ दळीत असे. पुढें हौदांत पडतांना तें सुंदर दिसतें, हा त्याच्या कामाचा शेवट. बीडजवळची खजाना विहीर तर शोभेसाठीं बांधलेलीच नाहीं. निजामशाहीच्या काळांतल्या या विहिरीचें पाणी मोटेवांचून, केवळ उतारानें, भुयारी पाटांतून शेतांत जातें. परंतु तिच्या कांठीं उभें राहिलें असतां होणारा आनंद कोणत्याही कारंज्याहून उणा नाहीं. या दोन्ही ठिकाणीं पाणी जें सांगतें तें खरें आहे, कारण जो पाहतो त्याच्या वांट्यालाही तें येतें.

आतां अंगणांतल्या कुंडाकडे वळूं. तेंही खरें बोलूं शकेल. तेंच पाणी पुन्हां पुन्हां उपयोगांत येतें, याहून दुष्काळी जिल्ह्यास अधिक बोधप्रद दृश्य कोणतें? परंतु कारंज्याची वाणी घराच्या वागणुकीवरून खरी वा खोटी ठरते. छपरावरचें पावसाचें पाणी जेथें टाक्यांत सांठविलें जातें, न्हाणीचें पाणी झाडांस जातें आणि फाटकापाशीं वाटसरूसाठीं भरलेला रांजण असतो, त्या घरचें कारंजें प्रामाणिक आहे. जेथें रांजण नाहीं तेथें तें व्हर्सायचेंच धाकटें भावंड होय. म्हणून आधीं रांजण, मग कारंजें, हा क्रम आम्ही सुचवितों.

दुसरा नियम याहून सूक्ष्म आहे. ज्या दिवसांत गल्लींत टँकर येऊं लागेल व घागरींची रांग लागेल, त्या दिवसांत कारंजें बंद ठेवावें, व डांस होऊं नयेत म्हणून कुंडांतलें पाणी झाडांस घालावें. हिशेबी मनुष्य येथें हसेल. पांच लिटर वांचवून कोणाची तहान भागणार? कोणाचीही नाहीं. परंतु शेजारीं मृत्यु झाला असतां आपण दारची वाजंत्री थांबवितों, त्यानें तरी गेलेला मनुष्य कोठें परत येतो? वाजंत्री वाजल्यानें शेजाऱ्याची कवडीची हानि होत नाहीं, तरीही ती वाजविणारास आपण माणुसकीशून्य म्हणतों. दुःखाच्या वेळीं आम्ही तुमच्यांतलेच आहोंत, एवढें त्या शांततेनें कळवावयाचें असतें. बंद ठेवलेलें कारंजेंही हेंच कळवितें. आणि मृगाचा पाऊस पडून घागरींची रांग मोडली म्हणजे तें पुन्हां सुरू करण्यास शेजाऱ्यांचीच पोरें प्रथम सांगतील.